ऑक्सिडीकारक-प्रणालीतील लोह नायट्रेटचा अवरोध

द्रव इंधनाच्या रॉकेटांत ऑक्सिडीकारक (इंधन जळण्यासाठी ऑक्सिजन पुरवणारा द्रव) वाहून नेणाऱ्या नळ्या, गाळण्या व झडपा क्षरणातून निघालेल्या लोहसंयुगांनी तुंबण्याचा दोष. नायट्रोजन टेट्रॉक्साइड हा ऑक्सिडीकारक वापरणाऱ्या प्रणालींत तो प्रामुख्याने आढळतो.

सोलापुरात नळाच्या तोटीतली जाळी गंजाने भरली, की काढून धुतली म्हणजे भागते. रॉकेटमधले दुखणे त्याहून अवघड आहे, कारण इथे लोह कणरूपात नसून द्रवात विरघळलेले असते. टाकीत ओलावा शिरला की नायट्रिक आम्ल तयार होते, ते पोलाद खाते आणि लोह नायट्रेट बनते. विरघळलेले लोह नायट्रेट कितीही बारीक गाळणीतून आरपार जाते. पुढे अरुंद छिद्राशी दाब उतरला किंवा द्रव गार झाला, की ते बाहेर पडते आणि चिकट थर धरते. प्रवाह मंदावतो, झडप नीट बसत नाही, गळू लागते. अमेरिकेच्या स्पेस शटलमधील नियंत्रक इंजिनांच्या (यानाची दिशा बदलणाऱ्या छोट्या इंजिनांच्या) झडपांना हा त्रास झाला होता.

म्हणून नुसत्या गाळण्या वाढवून उपयोग नाही. लोह मुळात द्रवात येऊच नये, हाच खरा उपाय. नळ्या कोरड्या नायट्रोजनने फुंकून वाळवतात, द्रवातील पाण्याच्या अंशावर कडक मर्यादा ठेवतात, कमी लोह असलेले टेट्रॉक्साइड निवडतात, टाक्यांसाठी टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातू वापरतात. टायटॅनियमला मात्र शुद्ध टेट्रॉक्साइडमध्ये ताणाखाली तडे जातात. ते टाळण्यासाठी थोडे नायट्रिक ऑक्साइड मिसळतात. सुमारे ३ टक्के मिसळलेला प्रकार 'मॉन-३' म्हणून ओळखला जातो. आधीच विरघळलेले लोह काढायचे, तर द्रव गार करून मग गाळणे किंवा रेण्वीय चाळणीतून (सूक्ष्म छिद्रांत रेणू धरून ठेवणाऱ्या पदार्थातून) नेणे हे मार्ग आहेत.

तापमानाचे भान फार महत्त्वाचे. टेट्रॉक्साइड सुमारे २१ अंश सेल्सिअसला उकळते. सोलापूरच्या उन्हाळ्यातली दुपार ४० अंशांपलीकडे जाते. तसल्या उष्णतेत ते दाबाखालच्या बंद टाकीतच द्रव राहील, आणि ऊबेत सामावलेले लोह गारव्यात सोडून देईल.

फुरसतीने पडून राहणाऱ्या यंत्रणेची काळजी आणखी निराळी. मंगळयानाचे मुख्य इंजिन जवळपास ३०० दिवस बंद होते. ऑक्सिडीकारकाच्या दीर्घ संपर्कात झडपा बिघडू शकतात, हे जाणून इस्रोने प्रवाहाचा दुसरा, समांतर मार्ग राखून ठेवला होता. २२ सप्टेंबर २०१४ रोजी चाचणीसाठी इंजिन पुन्हा पेटले.