प्रकाशाचा खांब किती जाड?

गेल्या रविवारी भाच्याचा फोन आला. लग्नाच्या ऑर्डरी करून पोराने पैसे साठवलेत आणि आता त्याला मिडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीच्यापेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यायचाय. "मामा, सेन्सर मोठा म्हणजे मागचं जास्त ब्लर होतं ना? जाहिरातीत तेच दाखवतात. तो लुक दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्यात येतच नाही म्हणे." हा समज मी इतक्यांच्या तोंडून ऐकलाय की त्यावर एकदा नीट लिहायलाच हवं.

आधी मापं उरकून घेऊ. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो. १२० च्या रोलवर, म्हणजे मिडियम फॉरमॅटच्या रुंद फिल्मवर, सिक्स बाय सिक्स कॅमेरा ५६ × ५६ मिमीची चौकट टिपतो, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. हल्लीच्या डिजिटल मिडियम फॉरमॅटमधले बरेच कॅमेरे ४४ × ३३ मिमीचे, फुल फ्रेमच्या जेमतेम पावणेदोन पट. चौकटीच्या कर्णाच्या आसपास नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) असलेली लेन्स 'नॉर्मल' धरायची रीत आहे. सिक्स बाय सिक्सला ती ८० मिमीची. त्याच हिशेबाने ५० वाइड आणि १५० पोर्ट्रेटची.

आता मूळ मुद्दा. माझ्याकडे आईचा एक फोटो आहे. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर, नरिमन पॉइंटच्या बाजूला ती बसली आहे, दिवेलागणीची वेळ आहे, आणि तिच्या पाठीमागे खाडीपलीकडे गिरगाव चौपाटीपासून मलबार हिलपर्यंतचे दिवे लागले आहेत. लेन्स १५० मिमीची, एफ/४ वर पूर्ण उघडी. फोकस आईच्या डोळ्यांवर असल्यामुळे मागचा प्रत्येक दिवा फुगून गोल चकती झालाय. एकदा सहज त्या प्रिंटवर पट्टी ठेवली. चकतीची रुंदी आईच्या चष्म्याच्या काचेच्या बरोबर पाऊणपट भरली. मग चष्माच मोजला. काच ५ सेंमी रुंद. म्हणजे चेहऱ्याच्या मापाने चकती साडेसदतीस मिमीची! आणि १५० भागिले ४ किती? साडेसदतीस.

हा योगायोग नाही. एफ-आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले लेन्समधल्या प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास, तेव्हा १५० मिमी एफ/४ लेन्सचं छिद्र ३७.५ मिमीचं असणारच. चौपाटीवरचा दिवा इतका लांब आहे की त्याचे आपल्यापर्यंत येणारे किरण जवळजवळ समांतर असतात. त्यातले छिद्रात शिरतात तेवढेच फोटोच्या कामाचे. म्हणजे दिव्यापासून लेन्सपर्यंत प्रकाशाचा एक आडवा खांब आला आहे असं समजा, छिद्राएवढाच जाड, सगळीकडे सारखा. हा खांब वाटेत आईच्या चेहऱ्याशेजारून जातो. तिथे कागद धरला असता तर त्यावर ३७.५ मिमीचं वर्तुळ उमटलं असतं. आणि लेन्सचा फोकस नेमका त्याच अंतरावर असल्यामुळे, त्या काल्पनिक कागदावर जे उमटेल तेच फिल्मवर उमटतं. चेहरा जितका लहान होईल तितकीच चकतीही लहान होते. त्यांचं प्रमाण हलत नाही.

बघा, या सगळ्यात सेन्सरचा आकार कुठे आलाच नाही. चेहरा एवढाच, तो चौकटीत भरतोही एवढाच, तर लांबच्या दिव्यांची चकती फक्त छिद्राच्या व्यासावर ठरते. ४४ × ३३ च्या कॅमेऱ्यावर ११० मिमी एफ/२ लावली तर छिद्र ५५ मिमीचं. फुल फ्रेमवर जवळपास तेवढंच दृश्य पकडणारी ८५ मिमी एफ/१.४ घेतली तर ६१ मिमीचं! धूसरपणात छोटा सेन्सर जिंकला, तोही कमी पैशात. सिक्स बाय सिक्सची प्रसिद्ध ८० मिमी एफ/२.८ घ्या. तिचं छिद्र साडेअठ्ठावीस मिमीचं, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा किंचित मोठं. फोनच्या मुख्य लेन्सचं तर काही मिमीचंच, म्हणून तिथे धूसरपणा गणित करून चिकटवावा लागतो आणि कानापाशी, केसांपाशी ते गणित चुकलेलं दिसतं.

मोठ्या चौकटीचा खरा फायदा वेगळा आहे. ४० सेंमी उंचीची प्रिंट काढायची तर २४ मिमीची चौकट सुमारे १७ पट ताणावी लागते, ५६ मिमीची फक्त ७ पट. दाणे, नॉइज आणि लेन्सचे दोष सगळे तेवढेच कमी ताणले जातात, गालावरच्या छटा एकीतून दुसरीत सावकाश उतरतात. ज्याला 'लुक' म्हणतात त्यातला खरा भाग हा. बाकीचा जाहिरातवाल्यांचा.

पोर्ट्रेटला १५० च का, याचं उत्तरही काचेत नाही, अंतरात आहे. सिक्स बाय सिक्सच्या चौकटीत डोकं-खांदे, म्हणजे अंदाजे ६० सेंमी रुंदी भरायची, तर ८० मिमी घेऊन माणसापासून साधारण ९४ सेंमीवर उभं राहावं लागतं, १५० घेऊन पावणेदोन मीटरवर. नाकाचा शेंडा कानापेक्षा सुमारे १२ सेंमी पुढे असतो. जवळून ते नाक कानाच्या मानाने १३ टक्के मोठं दिसतं, लांबून ७ टक्के. लेन्स चेहरा 'चपटा' करत नाही. आपण मागे सरकतो म्हणून तो तसा दिसतो.

माझी १५० जुनी आहे, सेकंडहँड. घेतली तेव्हा काच लख्ख होती, पण अशा लेन्समध्ये शटर लेन्सच्या पोटातच असतं हे मी विसरलो. आतलं वंगण घट्ट झालेलं, एका सेकंदाचं शटर अडीच सेकंद उघडं राहायचं. दुरुस्तीला लेन्सच्या निम्मे पैसे गेले. तेव्हा दुकानातच सगळे स्पीड कानाने ऐकून बघा, आणि मागून टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे नाहीत ना तेही पाहा. ती बुरशी असते आणि ती काचेवरचा लेप खाते. मुंबईच्या पावसाळ्यात कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवायचा तोडगा घरोघरी सांगतात. कृपा करून ऐकू नका. आपल्या स्वयंपाकघरातला तांदूळ स्वतःच इथल्या दमट हवेशी जुळवून घेतलेला असतो, तो आणखी काय ओढणार? उलट त्याची पूड कॅमेऱ्यात शिरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता चाळीस-पन्नास टक्के आहे का हे दाखवणारा छोटा मापक, एवढं पुरतं.

निसर्गचित्राला हाच खांब उलटा वाचायचा. फोकस अनंतावर ठेवला की फिल्मवरचा प्रत्येक बिंदू बाहेरच्या जगातला एक छिद्राएवढा जाड खांब 'बघत' असतो. त्या जाडीपेक्षा बारीक जे काही वाटेत येईल ते एकमेकांत मिसळतं. जाड असेल ते दिसतं, मग ते दोन मीटरवर असो की वीस. ५० मिमीची लेन्स एफ/१६ वर नेली की छिद्र ३.१ मिमी. वांद्र्याच्या किल्ल्याखाली ओहोटीला काळ्या खडकांवर कालवं चिकटलेली दिसतात. एकेक शिंपला काही सेंटीमीटरचा. फोकस समुद्राकडे असूनही तो फोटोत ओळखू येणारच.

कुठपासून कुठपर्यंत स्पष्ट येईल हे दाखवणाऱ्या, लेन्सवर कोरलेल्या खुणा मात्र वेगळं सांगतात. एफ/१६ ला फोकस ३.१ मीटरवर ठेवा, दीड मीटरपासून अनंतापर्यंत सगळं 'स्पष्ट'. पण आता खांब ३.१ मीटरवर बिंदूएवढा होतो आणि पुढे कर्ण्यासारखा पसरत जातो. एक किलोमीटरवर तो एक मीटर जाड झालेला असतो. सी लिंकच्या केबल्स त्यात विरघळून जातात.

मग छिद्र आणखी बारीक का करू नये? कारण प्रकाश लहर आहे आणि बारीक छिद्रातून जाताना ती पसरते, यालाच विवर्तन म्हणतात. पसरण्याचा कोन १.२२ गुणिले तरंगलांबी भागिले छिद्राचा व्यास. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर धरली तर ३.१ मिमीच्या छिद्राला एक किलोमीटरवर २२ सेंमीहून बारीक तपशील सुटा होत नाही. एफ/२२ ला ही मर्यादा ३० सेंमी होते, एफ/११ ला १५. जवळचं सुधारायला छिद्र बारीक करावं तर लांबचं बिघडतं.

गेल्या हिवाळ्यात किल्ल्याखालच्या त्याच खडकावर ट्रायपॉड लावून मी तीन फ्रेम घेतल्या. खुणेप्रमाणे एफ/१६, अनंतावर एफ/२२ आणि अनंतावर एफ/११. निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवून लूपने, म्हणजे छोट्या भिंगाने पाहिल्या. तिन्हींत कालवांच्या कडा होत्या, पहिलीत सगळ्यात धारदार. पण सी लिंकच्या केबल्स एकेक करून मोजता आल्या त्या फक्त तिसरीत.