मॉडिफाय गाडीची खरी ताकद आणि चाकापर्यंतची गळती

इंजिन जेवढी ताकद काढतं तेवढी चाकाले भेटत नाही, मधात क्लच, गियरबॉक्स, शाफ्ट, क्राऊन-पिनियन, बेअरिंगं बसलेली असतात आणि प्रत्येक जण आपापला वाटा काढून घेतो. या वाट्याला ड्राइव्हट्रेन लॉस म्हणतात, आपण सोयीसाठी गळती म्हणू. कंपनीच्या पत्रकात छापलेला आकडा इंजिनाच्या तोंडावरचा असतो, म्हणजे इंजिन बाहेर काढून टेस्ट बेंचवर मोजलेला. रस्त्यावर जे जाणवतं ते चाकावरचं. गाडी मॉडिफाय केली, रिमॅप मारला (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं), टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) मोठा टाकला, की पत्रकातला आकडा कामाचा राहत नाही आणि मग नवा आकडा काढायचा कसा हा प्रश्न उभा राहतो, त्याचं उत्तर म्हणजे ही नोंद.

विदर्भातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. ट्रॅक्टर घेताना तो इंजिन एचपी आणि पीटीओ एचपी (अवजार जोडायच्या फिरत्या शाफ्टवर भेटणारी ताकद) असे दोन आकडे विचारतोच, ४५ एचपीच्या ट्रॅक्टरचा पीटीओ साधारण ३८ ते ४० निघतो हे त्याला पाठ असतं, आणि नांगराच्या ओढीला त्याहून कमी भेटते हेही. मध्य प्रदेशात बुदनीला ट्रॅक्टरची सरकारी चाचणी होते, तिथे पीटीओची ताकद आणि ओढ वेगवेगळी मोजतात. पण तोच माणूस कार घेतली की एकच आकडा धरून बसतो, अन पोरानं रिमॅप करून आणला की "आता ९५ एचपी झाली" म्हणून चौकात सांगतो. ९५ कुठली, इंजिनावरची का चाकावरची, हे कोणी विचारत नाही.

आकड्यांची भाषा

हॉर्सपॉवर हे माप जेम्स वॅटनं वाफेच्या इंजिनाची घोड्याशी तुलना करायला आणलं. आज दोन एचपी चालतात आणि त्यातच अर्धे वाद होतात: इंग्रजी बीएचपी म्हणजे सुमारे ७४६ वॉट, मेट्रिक पीएस म्हणजे सुमारे ७३५.५ वॉट. १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी, फरक बारीक आहे पण गाडीत काही न करता दीड एचपी "वाढवायला" तेवढा पुरतो.

टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि पॉवर वेगळे. न्यूटनमीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम (मिनिटाचे फेरे), भागिले ९५४९, की किलोवॉट येतात. १.५ लिटरवाली ७५ पीएसची बोलेरो घ्या, २१० न्यूटनमीटर २२०० आरपीएमपर्यंत टिकतो, तिथं हिशेब केला तर ४८ किलोवॉट म्हणजे ६६ पीएस होतात. पुढं ३६०० वर पूर्ण ७५ पीएस येतात पण टॉर्क तोवर १४६ वर उतरलेला असतो. म्हणून खालच्या आरपीएमला जो "पिकअप" जाणवतो तो टॉर्कचा, आणि निव्वळ पिकअपवरून पॉवर सांगणारा मेकॅनिक अंदाजपंचे बोलून राहिला असं समजायचं.

गळती कुठं होते

सगळ्यात मोठा वाटा मागच्या हाउसिंगमधला, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधातल्या गियरच्या डब्यातला. बोलेरो, सुमो, जिप्सी असल्या गाड्यांत इंजिन उभं लांबीत बसतं, शाफ्ट मागं जातो आणि क्राऊन-पिनियन ताकद काटकोनात वळवतात. त्यांचे दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत तर घासत सरकतात, म्हणून त्यांना जाड, वेगळं ऑइल लागतं, ज्याला सगळे ९० नंबर म्हणतात. स्विफ्टसारख्या पुढच्या चाकाच्या गाडीत इंजिन आडवं असतं, काटकोन घ्यावाच लागत नाही, साधे तिरप्या दाताचे गियर पुरतात, त्यामुळे गळती कमी. फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा), दुसरा शाफ्ट, दुसरं हाउसिंग, म्हणजे जास्त. गियरबॉक्समध्येही सगळे गियर सारखे नाहीत: उभ्या इंजिनाच्या पाच गियरच्या डब्यात बहुतेक वेळा चौथा सरळ एकास एक असतो, ताकद दातांच्या जोडीतून न जाता सरळ पार होते, म्हणून डायनोवर, म्हणजे चाकावरची ताकद मोजायच्या मशीनवर, अशी गाडी चौथ्यातच पळवतात.

गेलेली ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. लोड भरून घाट चढून आलेल्या गाडीच्या मागच्या हाउसिंगला बोट लावून पाहा, टिकत नाही. ५ पीएस गळती म्हणजे ३.७ किलोवॉट, म्हणजे बादलीत पाणी तापवायच्या दीड हजार वॉटच्या जवळपास अडीच रॉड तिथं सतत चालू आहेत असं धरा. आणि ऑइल थंड असताना गळती जास्त असते, जानेवारीतल्या सकाळी डायनोवरच्या पहिल्याच रनला कमी आकडा आला म्हणून ट्यूनरशी (रिमॅप करणाऱ्याशी) भांडण करू नये, आधी गाडी वीसेक किलोमीटर फिरवून आणावी.

१५ टक्क्यांचा घोळ

सगळीकडे एक ठोकताळा चालतो, पुढच्या चाकाची गाडी १० ते १५ टक्के, मागच्या चाकाची १५ ते २०, चारही चाकं २० ते २५. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी असलेल्या गाडीला हा बरा आहे. मॉडिफाय गाडीला मात्र हाच ठोकताळा आकडा फुगवायचं मशीन बनतो. गळतीचे दोन भाग असतात: एक भाग ताकदीबरोबर वाढतो, दातावर दाब वाढला की घर्षण वाढतं, दुसरा भाग ताकदीशी संबंध न ठेवता फक्त फिरण्याच्या वेगावर चालतो, ऑइल घुसळणं, सील, बेअरिंग. इंजिन कितीही तगडं केलं तरी त्याच आरपीएमला ऑइल तेवढंच घुसळलं जातं.

हिशेब पाहा. स्टॉक गाडी इंजिनावर ७५, चाकावर ६३, गळती १२, म्हणजे १६ टक्के. रिमॅपनंतर चाकावर ८० आले. टक्क्यानं उलट काढलं तर ८० भागिले ०.८४, ९५ होतात. गळती १२ च धरली तर ९२. खरं कुठंतरी या दोघांच्या मधात. तीन एचपी म्हणजे काही नाही, पण तीच गाडी टर्बो बदलून चाकावर १६० ला नेली तर एक हिशेब १९० सांगतो आणि दुसरा १७२, आणि बिल बहुतेक १९० वाल्याचं फाटतं. म्हणून तुलना चाकावरच्या आकड्यांची करावी, त्याच डायनोवर, आधीची आणि नंतरची. इंजिनावरचा आकडा फार झालं तर कंसात लिहावा.

डायनो

रोलर डायनो दोन तऱ्हेचे. इनर्शियावाल्यात जड ड्रम असतो, गाडी तो किती झपाट्यानं फिरवते यावरून ताकद काढतात. लोडवाल्यात एडी करंट (विजेच्या चुंबकाचा) ब्रेक लावून गाडीला एका आरपीएमला धरून ठेवता येतं, टर्बो गाडीला हा बरा कारण बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) चढायला वेळ मिळतो. काही डायनो रन संपल्यावर क्लच दाबून ड्रम आपोआप थांबू देतात आणि त्या उतरत्या वेगावरून गळती मोजतात. ही पद्धत ठोकताळ्यापेक्षा चांगली, पण त्यात टायर रोलरवर दबून होणारी गळतीही येते आणि दातांवर भार नसतो, म्हणजे ताकदीबरोबर वाढणारा भाग सुटतो. गाडी बांधायचे पट्टे जास्त आवळले, टायरमधली हवा कमी ठेवली तरी आकडा हलतो.

मग हवामानाची दुरुस्ती, म्हणजे गरम किंवा विरळ हवेत आलेला आकडा ठरलेल्या हवेवर आणणं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे ४५ अंश सहज होतात, २५ अंशाच्या मानाने त्या हवेत दर लिटरमागे ६ टक्के हवा कमी. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, तिथं दाब अजून थोडा कमी. एसएई जे १३४९ हे मानक आकडा २५ अंश आणि ९९० मिलिबार कोरड्या हवेवर आणून ठेवतं, साध्या पेट्रोल इंजिनाला नुसत्या ४५ अंशापोटी ४ टक्क्यांच्या आसपास मिळवलं जातं. टर्बो गाडी बूस्ट सांभाळून हवेची कमी काही अंशी स्वतःच भरून काढते, तिला साध्या इंजिनाची दुरुस्ती पूर्ण लावली की कागदावर फुकटचे एचपी उगवतात. छापील कागदावर दुरुस्तीचा गुणक लिहिलेला असतो, आधी तो पाहावा.

डायनो नसला तर

खेड्यात डायनो कुठला. शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) जोडीची ताकद कोणी मशीननं मोजत नाही, पट किती सेकंदात कापला ते घड्याळावर पाहतात, गाडीचंही तसंच करता येतं. लागतं काय, तर खरं वजन, खरा वेग आणि वेळ.

वजनासाठी धरमकाटा. जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग नसते तेव्हा काटेवाल्याला चहा पाजला की होऊन जातं, ड्रायव्हर आणि शेजारचा दोघं आत बसूनच वजन घ्यायचं. मोठे काटे दहा-वीस किलोच्या टप्प्यात दाखवतात, तेवढं चालतं. क्रॅश गार्ड, कॅरियर, स्पीकरचा डबा असं लावलेली गाडी पत्रकातल्या वजनापेक्षा किती जड झाली हे पाहून मालकाचाच चेहरा उतरतो.

समजा वजन १२५० किलो आलं. तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण दाबून ६० वरून ८० वर जायला ३.१ सेकंद लागले. या दोन वेगांमधली ऊर्जा १३५ किलोज्यूल, भागिले ३.१, म्हणजे ४३.६ किलोवॉट. आता तोच रस्ता, न्यूट्रल करून ८० वरून ६० वर यायला २२.५ सेकंद लागले, १३५ भागिले २२.५ म्हणजे ६ किलोवॉट, हे वारा आणि टायर खाऊन राहिले. चाकं, इंजिन वगैरे फिरणाऱ्या वजनापोटी ४३.६ चे ५ टक्के जोडा, २.२. एकूण ५१.८ किलोवॉट, चाकावर ७० पीएस. गळतीचे १० ते १२ मिळवले की ८० च्या आसपास. ही त्या पट्ट्यातली सरासरी आहे, टोकाचा आकडा थोडा वर असेल, पण ९५ नाही.

हे माझ्याच जुन्या डिझेल हॅचबॅकचे जवळपासचे आकडे, ट्यूनरनं ९५ सांगून पैसे घेतले होते. त्याला हिशेब दाखवला तर म्हणे, "भाऊ, तुमचा रोडच चढावाचा असन." बोलणं अगदीच खोटं नव्हतं. शंभराला एक मीटर चढ असला तरी या वजनाला ३ पीएस खातो, म्हणून दोन्ही दिशेनं पळवून सरासरी घ्यायची. मी घेतली होती.

वेग जीपीएसवरूनच घ्यावा. स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवतो, आणि मोठे टायर टाकले की उलट होतं. बोलेरोला २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ टाकले तर चाक ४ टक्के मोठं होतं, स्पीडोमीटरवर ८० दिसताना गाडी त्याच प्रमाणात पुढं असते, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गानं जाते म्हणून हिशेब ८-९ टक्के चुकतो. पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतवाल्यांचं सूत्र आहे, पाउंडातलं वजन गुणिले शेवटच्या मैल वेगाला २३४ नं भागून केलेला घन, त्यात तर १२०० किलोच्या गाडीला ११० ऐवजी ११५ किमी धरले की ६६ चे ७५ एचपी होतात.

ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून मोबाइलवर एचपी दाखवणारी अॅपं अंदाजच करतात. पेट्रोल इंजिनात सेकंदाला १ ग्रॅम हवा म्हणजे सव्वा एचपीच्या आसपास हा ठोकताळा चालतो, डिझेलला नाही, कारण डिझेल गरजेपेक्षा जास्त हवा ओढतं.

चाचणी चालत्या रस्त्यावर करणं धोक्याचं आणि बेकायदा, समृद्धीवरही कारला १२० ची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये हेच सांगितलं, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते.

एक गोष्ट गळती वाटते पण नसते. ताकद वाढवली आणि क्लचप्लेट जुनीच ठेवली, तर वरच्या गियरमध्ये दाबल्यावर आरपीएम चढतो अन वेग चढत नाही, आकडा पाहून वाटतं गळती एकदम तीस टक्के झाली. अशा वेळी खिडकी खाली करून वास घ्यावा, प्लेट जळून राहिली असन तर लगेच समजते.