ह्यूमन सर्व्हिसेस की सोशल वर्क? कम्युनिटी कॉलेजात नाव नोंदवण्याआधी

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: “ती इथे कम्युनिटी कॉलेजात सोशल वर्क करतेय.” कॉलेजचं पान उघडून पाहिलं तर ती करत असते ह्यूमन सर्व्हिसेसची असोसिएट डिग्री. फरक नावापुरता आहे असं समजून दोन वर्षं आणि साठ क्रेडिटची फी भरली जाते, आणि पुढे एमएसडब्ल्यूचा (सोशल वर्कच्या मास्टर्स डिग्रीचा) अर्ज भरायला बसल्यावर डोळे उघडतात. कॉलेजांची माहितीपत्रकंही हा गोंधळ वाढवतात. “सामाजिक क्षेत्रात करिअर” असं मोघम लिहून ती मोकळी होतात.

सोशल वर्क म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस) १९३६ पासून आहे, तिथलंच निर्मला निकेतन कॉलेज १९५५ पासून, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून. बीएसडब्ल्यू ही पदवी, एमएसडब्ल्यू ही पदव्युत्तर पदवी आणि त्यातलं फील्डवर्क आपल्याला माहीत आहे. एकच सांगायचंय: या विषयाला मराठीत ‘समाजकार्य’ हा चांगला शब्द असताना सरसकट ‘समाजसेवा’ म्हणणं आता थांबवू या. ह्यूमन सर्व्हिसेसचं भाषांतरही ‘समाजसेवा’च करतात, आणि मग दोन्ही एकच वाटायला लागतात.

ह्यूमन सर्व्हिसेस हा अमेरिकेतला वेगळा अभ्यासक्रम आहे. मुलाखत कशी घ्यायची, आलेल्या माणसाची प्राथमिक नोंद कशी करायची, त्याला निवारा, अन्नसाहाय्य, औषधोपचार, नोकरी यांच्या योजनांशी कसं जोडून द्यायचं, गट कसा चालवायचा, अडचणीच्या क्षणी काय बोलायचं, हे सगळं त्यात शिकवतात. यातून ग्रुप होम, बेघरांचे निवारे, व्यसनमुक्ती केंद्रं, वृद्धांची डे केअर केंद्रं अशा ठिकाणी कामं मिळतात. ह्यूमन रिसोर्सेसशी याचा काडीचा संबंध नाही. आणि ‘ह्यूमन सर्व्हिसेस प्रॅक्टिकल, सोशल वर्क थिअरीचं’ ही समजूत तर साफ चुकीची. फील्डवर्कचे तास सोशल वर्कमध्येच जास्त असतात.

दोन्हींतली माणसं एकाच इमारतीत, एकाच कुटुंबासाठी काम करताना दिसतात, त्यामुळे कामाकडे बघून फरक कळत नाही. तो लायसन्सच्या शिडीत आहे. सोशल वर्कच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था म्हणजे सीएसडब्ल्यूई (काउन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन), स्थापना १९५२. ही संस्था बीएसडब्ल्यू आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांनाच मान्यता देते. दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला देतच नाही. ह्यूमन सर्व्हिसेससाठी सीएसएचएसई (काउन्सिल फॉर स्टँडर्ड्स इन ह्यूमन सर्व्हिस एज्युकेशन) नावाची वेगळी संस्था आहे, १९७९ पासूनची, आणि ती असोसिएट पातळीलाही मान्यता देते. आद्याक्षरं इतकी सारखी, की माहितीपत्रकात ‘मान्यताप्राप्त’ एवढंच वाचून लोक निर्धास्त होतात. पण लायसन्स देणारं राज्याचं मंडळ साधारणपणे पहिल्या संस्थेची मान्यता बघतं.

न्यू जर्सीचंच घ्या. १९९१ च्या सोशल वर्कर लायसन्सिंग कायद्यानुसार तिथे तीन पायऱ्या आहेत. सर्टिफाइड सोशल वर्करसाठी बीएसडब्ल्यू लागतं, एलएसडब्ल्यूसाठी (लायसन्स्ड सोशल वर्कर) एमएसडब्ल्यू, आणि त्यावर देखरेखीखाली काम केल्यावर एलसीएसडब्ल्यू (लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर), म्हणजे स्वतंत्रपणे थेरपी करण्याची पायरी. ह्यूमन सर्व्हिसेसची असोसिएट डिग्री यातल्या पहिल्या पायरीलाही पुरत नाही. ‘सोशल वर्कर’ हे नावही कायद्याने राखीव आहे. ओळखपत्रावर केस मॅनेजर, केस एड, रेसिडेन्शियल काउन्सेलर असं काहीही असू दे. रेझ्युमेवर स्वतःहून ‘सोशल वर्कर’ लिहू नका. सगळीकडे हेच आहे असंही नाही. ओहायोत सोशल वर्क असिस्टंट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये लायसन्स्ड सोशल वर्क असोसिएट अशा पायऱ्या असोसिएट डिग्रीवाल्यांनाही खुल्या आहेत. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीचा सल्ला आपल्या राज्यात चालेलच असं धरू नका.

हाच फरक पुढे पैशांत आणि वर्षांत दिसतो. मान्यताप्राप्त बीएसडब्ल्यू असेल तर एमएसडब्ल्यूला अॅडव्हान्स्ड स्टँडिंग मिळू शकतं, म्हणजे साठेक क्रेडिटऐवजी ढोबळमानाने निम्म्यात, वर्षभरात डिग्री. ह्यूमन सर्व्हिसेसमध्ये चार वर्षांची बॅचलर डिग्री घेतली, ती सीएसएचएसईची मान्यताप्राप्त असली, गुण उत्तम असले, तरीही ही सवलत नाही. एमएसडब्ल्यूला प्रवेश मिळतो, पण पूर्ण दोन वर्षांचा. ज्यांना शेवटी थेरपी करायची आहे त्यांनी ही गोष्ट पहिल्या दिवशी माहीत करून घ्यावी.

फील्डवर्कच्या तासांचंही तेच. सीएसएचएसईच्या निकषांत असोसिएट डिग्रीला किमान २५० तास आहेत. सीएसडब्ल्यूईच्या निकषांत बीएसडब्ल्यूला किमान ४०० आणि एमएसडब्ल्यूला ९००. लोकांना वाटतं २५० झाले, उरले १५०. तसं होत नाही. ४०० तास नव्याने पहिल्यापासून भरावे लागतात, आणि आधीच्या नोकरीच्या अनुभवाबद्दल सोशल वर्कचं क्रेडिट देऊ नये असा सीएसडब्ल्यूईचा नियमच आहे. प्रॅक्टिकमची, म्हणजे या फील्डवर्कची, क्रेडिट पुढच्या कॉलेजात बरेचदा ‘फ्री इलेक्टिव्ह’च्या, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या, रकान्यात जाऊन पडतात.

तास वाया गेले तरी त्यात शिकलेलं वाया जात नाही, हेही तितकंच खरं. केस नोटचं उदाहरण पुरेसं आहे. नवखा विद्यार्थी लिहितो: ‘क्लायंट असहकार्य करत होती, आईला मुलांची काळजी दिसत नाही.’ सुपरवायझर यावर लाल रेघ मारते, कारण यात निरीक्षण एकही नाही, दोन्ही निवाडे आहेत. तीच नोंद अशी हवी: ‘क्लायंट २० मिनिटं उशिरा आली. बस चुकल्याचं सांगितलं. शाळेच्या फॉर्मबद्दल विचारल्यावर “मला इंग्रजी वाचता येत नाही” म्हणाली. गुरुवारी दुभाष्यासह भेट ठरली.’ ही नोंद उद्या न्यायालयात वाचली जाऊ शकते, आणि ती आईसुद्धा मागवून घेऊन वाचू शकते. हा हात एकदा बसला की एमएसडब्ल्यूच्या पहिल्या सत्रात फार उपयोगी पडतो.

आता कॉलेजात गेल्यावर नेमकं काय बघायचं. एकाच विभागात ह्यूमन सर्व्हिसेस या नावाखाली एएएस (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) आणि एएस (असोसिएट इन सायन्स) किंवा एए (असोसिएट इन आर्ट्स) अशा वेगवेगळ्या डिग्र्या असू शकतात. एएएस ही थेट नोकरीसाठी आखलेली असते. न्यू जर्सीत तिच्यात सामान्य शिक्षणाची फक्त २० क्रेडिट पुरतात. एएसला ३० आणि एएला ४५ लागतात. २००८ च्या राज्यव्यापी ट्रान्सफर करारात एए आणि एएस आहेत, म्हणजे राज्याच्या सरकारी विद्यापीठात साठ क्रेडिट उचलली जातात. एएएस त्या करारात नाही. बीएसडब्ल्यूचा थोडा जरी विचार असेल तर एएएस घेऊ नका. गणिताच्या जागी स्टॅटिस्टिक्स घ्या, विज्ञानाच्या जागी मानवी जीवशास्त्र, कारण सोशल वर्कचे विभाग हेच दोन विषय बऱ्याचदा मागतात. कुठला विषय कुठल्या विद्यापीठात कसा धरला जातो ते दाखवणाऱ्या एनजेट्रान्सफरच्या साइटवर प्रत्येक विषय टाकून बघा. ‘समकक्ष’ दिसलं तर ठीक. ‘इलेक्टिव्ह’ दिसलं तर तो विषय मेजरमध्ये धरला जाण्याची खात्री नाही. सल्लागार तोंडी “हो, ट्रान्सफर होतं” म्हणतात आणि ते खोटंही नसतं, पण क्रेडिट कुठल्या रकान्यात जाणार हे त्यातून कळत नाही. ते ईमेलवर लेखी घ्या.

भारतातून बीए किंवा बीकॉम करून आलेल्यांनी तर आधी हेच तपासावं की आपल्याला असोसिएट डिग्री लागते तरी का. एमएसडब्ल्यूला कुठल्याही विषयातली पदवी चालते. तीन वर्षांची भारतीय पदवी काही विद्यापीठं धरतात, काही नाही. पदवीचं मूल्यांकन करून घेऊन थेट त्यांनाच विचारावं. अनुभवासाठी कम्युनिटी कॉलेजातले दोन-तीन सुटे विषय पुरतात. आणि ज्यांच्याकडे भारतातलं बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू आहे त्यांनी ह्यूमन सर्व्हिसेसच्या पहिल्या सत्रात जाऊन बसू नये. परदेशी समाजकार्य पदव्या तपासण्याची सीएसडब्ल्यूईची स्वतंत्र सेवा आहे. तिथे आधी अर्ज करा.

मग ह्यूमन सर्व्हिसेस घ्यावं कुणी? ज्यांना दोन वर्षांत कामाला लागायचंय आणि माणसांसोबत थेट काम करायचंय, त्यांच्यासाठी ही उत्तम डिग्री आहे. व्यसनमुक्तीत जायचं असेल तर विशेष चांगली. न्यू जर्सीत सीएडीसी (सर्टिफाइड अल्कोहोल अँड ड्रग काउन्सेलर) या प्रमाणपत्राला २७० तासांचं ठरावीक शिक्षण आणि ३,००० तासांचं देखरेखीखालचं काम लागतं, एमएसडब्ल्यू लागत नाही. कॉलेजचे अॅडिक्शनचे विषय त्या २७० तासांत धरले जातात का, एवढं नोंदणीआधी विचारायचं.

प्रॅक्टिकमची तयारी एक सत्र आधी सुरू करा. २५० तास एकाच १५ आठवड्यांच्या सत्रात बसवायचे तर आठवड्याला जवळपास १७ तास होतात. दोन सत्रांत विभागले तर साडेआठच्या आत. टीबी चाचणी, बोटांचे ठसे, पार्श्वभूमी तपासणी यात आठवडे जातात, आणि कागद येईपर्यंत तास मोजायला सुरुवात होत नाही. एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल तर शिकायला मुभा आहे, पण ईएडीशिवाय (कामाच्या परवान्याशिवाय) पगारी जागा घेता येत नाही. काही संस्थांच्या फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर मागतात आणि तो नसल्याने काम अडकून राहतं. म्हणून जागा ठरवण्याआधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला आणि त्या संस्थेला, दोघांनाही विचारून ठेवा.