सरकारी वकील समोर, आपला कोणीच नाही: अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या मदतकार्याची पार्श्वभूमी

चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगवासाची पाळी आलेल्या गरीब माणसाला अमेरिकेत सरकारी खर्चाने वकील मिळतो. हद्दपारीच्या सुनावणीला उभ्या राहिलेल्या माणसाला तसा हक्क नाही. समोर सरकारचा वकील असतो आणि इकडे कधी कधी एकटं लहान मूलही. स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या संस्थांचं बहुतेक काम या एका उणिवेभोवती उभं राहिलं आहे आणि तिचं मूळ १८९३ मध्ये सापडतं.

१८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात यायला बंदी झाली होती. १८९२ च्या गिअरी कायद्याने आधीपासून राहणाऱ्या चिनी मजुरांवर नोंदणी दाखल्याची सक्ती केली. दाखला नसेल तर तो का नाही हे सिद्ध करायला किमान एक गोरा साक्षीदार आणायचा, नाहीतर हद्दपारी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘सहा कंपन्या’ म्हणजे चिनी वस्तीतल्या प्रादेशिक मंडळांचा महासंघ. त्याने नोंदणीवर बहिष्कार पुकारला, माणशी एक डॉलर वर्गणी काढली आणि नामवंत वकील नेमून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. फोंग यू टिंग खटल्यात निकाल विरुद्ध गेला: हद्दपारी ही शिक्षा नव्हे, म्हणून फौजदारी आरोपीला मिळणारी घटनात्मक संरक्षणं इथे लागू नाहीत. संघटनेच्या शब्दावर विसंबून नोंदणी टाळलेले हजारो लोक त्यामुळे उघडे पडले. संसदेने सहा महिन्यांची मुदतवाढ दिली म्हणून निभावलं. सामूहिक बहिष्काराची हाक देण्याआधी हरल्यास काय, याचा विचार हवा होता, असं आज म्हणणं सोपं आहे. याच महासंघाच्या पाठबळाने लढलेल्या वाँग किम आर्क खटल्यात १८९८ मध्ये जन्मसिद्ध नागरिकत्व मान्य झालं, हेही विसरता येत नाही.

१८९३ चं ते तत्त्व अजून टिकून आहे. १९५२ च्या कायद्याने वकील ठेवण्याचा हक्क दिला, पण ‘सरकारला खर्च न पडता’. मग वकिलाची जागा कोण भरणार? एक उत्तर म्हणजे मान्यताप्राप्त प्रतिनिधी: वकील नसलेला, पण न्याय विभागाची परवानगी असलेला संस्थेचा माणूस. अंशतः मान्यता असेल तर तो फक्त इमिग्रेशन खात्यासमोर बाजू मांडू शकतो; संपूर्ण मान्यता असेल तर इमिग्रेशन कोर्टातही. मान्यता तीन वर्षांची असते आणि ती संस्थेशी बांधलेली असते. संस्था सोडली की संपली. नोटरीची पाटी लावून अर्ज भरून देणाऱ्यांकडे यातलं काहीच नसतं. त्यांनी भरलेल्या चुकीच्या अर्जामुळे, तोवर कोणाच्या नजरेत नसलेला माणूस थेट हद्दपारीच्या प्रक्रियेत सापडू शकतो.

मार्च १९८२ मध्ये ॲरिझोनातल्या टुसॉन शहराच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने एल साल्वाडोर आणि ग्वाटेमालाच्या निर्वासितांना उघडपणे आसरा दिला. पुढे कार्यकर्त्यांवर खटले चालले, काही दोषी ठरले. पण चर्चच्या गटांनीच केलेल्या दाव्यात १९९१ मध्ये तडजोड झाली आणि या दोन देशांच्या लोकांची आश्रयाची प्रकरणं नव्याने ऐकणं सरकारला भाग पडलं.

१९९६ च्या कायद्याने काम कैक पटीने अवघड केलं. देशात आल्यापासून एका वर्षात आश्रयाचा अर्ज (आय-५८९) करण्याची अट आली. काही अपवाद आहेत, पण ते सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर.

हातातून गेलेल्या प्रकरणांत पत्त्याचा घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. घर बदललं की एआर-११ हा फॉर्म दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला द्यायचा, हे अनेकांना ठाऊक असतं. प्रकरण कोर्टात असेल तर ईओआयआर-३३ हा वेगळा फॉर्म पाच दिवसांत कोर्टाला द्यावा लागतो आणि त्याची प्रत सरकारी वकिलाला. खात्याला कळवलं म्हणजे कोर्टाला कळलं असं होत नाही. तारखेची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, माणूस गैरहजर राहतो आणि त्याच्या पाठीमागे हद्दपारीचा आदेश निघतो. गैरहजेरीला असाधारण कारण असेल तर आदेश फिरवून घेण्याचा अर्ज १८० दिवसांत करावा लागतो. नोटीसच मिळाली नसेल तर ही मुदत नाही, पण ती मिळाली नाही हे दाखवावं लागतं. म्हणून अनुभवी मदत केंद्रात ‘अडचण काय?’ याआधी ‘पत्ता कोणता दिला आहे?’ हा प्रश्न येतो.

न्यू यॉर्कच्या नगर परिषदेने २०१३ मध्ये पाच लाख डॉलर देऊन अटकेतल्या गरीब स्थलांतरितांसाठी सार्वजनिक खर्चाने वकील देण्याचा देशातला पहिला प्रयोग व्हॅरिक स्ट्रीटच्या कोर्टात सुरू केला. त्याची मर्यादा भूगोलाची. पकडलेल्याला दुसऱ्या राज्यातल्या कोठडीत हलवलं आणि खटला तिथे चालला, तर कोर्ट बदलतं, त्या भागातले अपिली निकाल लागू होतात आणि इथला मोफत वकीलही हाताशी राहत नाही. यासाठी संस्था जोखमीतल्या माणसाकडून वकीलपत्राचा जी-२८ फॉर्म आधीच सही करून घेतात आणि घरच्यांना दोन गोष्टी लिहून ठेवायला सांगतात: ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने त्या माणसाला दिलेला नोंदणी क्रमांक, आणि कागदपत्रांत नोंदलेला जन्मदेश. कोठडी शोधण्याच्या सरकारी यंत्रणेत या दोहोंवरून माणूस सापडतो. ए-नंबर नसेल तर नावावरून शोधायचं, आणि तिथे स्पेलिंगमधलं एक अक्षर चुकलं तरी तो हाती लागत नाही.