कोकोबोलोच्या मुठीवर तेल का सुकत नाही?

ओली वस्तू सुकते म्हणजे तिच्यातलं काहीतरी उडून जातं, असं आपण धरून चालतो. लाकडाला लावलेल्या जवसाच्या तेलाबद्दलही बहुतेकांची समजूत हीच असते आणि ती साफ चुकीची आहे. या तेलाचा पातळ थर वजनकाट्यावर सुकू दिला, तर सुरुवातीला त्याचं वजन दहा टक्क्यांहून अधिक वाढतं, कारण हवेतला ऑक्सिजन तेलात जाऊन बसतो.

पिस्तुलांच्या मुठी घडवणाऱ्यांना ही समजूत फार महागात पडते. अमेरिकेत १९११ मॉडेलच्या पिस्तुलाच्या मुठीवरच्या लाकडी पट्ट्या बदलणं हा हौशी कारागिरांचा मोठा छंद आहे. मूळच्या पट्ट्या असत अक्रोडाच्या. त्या स्क्रू काढून उतरवायच्या आणि तिथे परदेशी कठीण लाकूड बसवायचं. या लाकडांत सर्वात लाडकं म्हणजे मध्य अमेरिकेतलं कोकोबोलो, डालबर्जिया रेटुसा. आपल्या सह्याद्रीतल्या शिसवीचं (डालबर्जिया लॅटिफोलिया) हे सख्खं भावंड. ताजा काप नारिंगी-लाल, त्यात काळ्या लाटा. उजेडात राहिला की गडद तपकिरी होत जातो. लाकूड इतकं घट्ट की त्याचे बरेच तुकडे पाण्यात बुडतात. कानस चालवली की भुसा खाली पडत नाही, दात्यांतच चिकटून बसतो. आठशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं तर काही न लावताच चमकायला लागतं.

मग कारागीर सवयीने जवसाच्या तेलाचं फिनिश लावतो. अक्रोडावर तेच तेल काही दिवसांत कडक होतं. कोकोबोलोवर आठवडा उलटला तरी बोटाचा ठसा उमटतो आणि चेकरिंगच्या, म्हणजे पकड मिळावी म्हणून कोरलेल्या चौकडीच्या, बारीक खाचांत चिकट राळ साचते. तेलाला दोष देऊन लोक नवी बाटली आणतात, पण तिचीही गत तीच होते.

हे समजून घ्यायला तेलाच्या रेणूत शिरावं लागेल. जवसाच्या तेलाचा साधारण निम्मा भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. अठरा कार्बनची साखळी, तिच्यात तीन दुहेरी बंध. दोन दुहेरी बंधांच्या मध्ये सापडलेला कार्बन, म्हणजे अकरावा आणि चौदावा, आपल्या हायड्रोजनला फार सैल धरून असतो. तो हायड्रोजन निघाला की तिथे एकटा इलेक्ट्रॉन उरतो. फ्री रॅडिकल, मराठी पाठ्यपुस्तकांतलं मुक्त मूलक, ते हेच. हवेतला ऑक्सिजन त्याला लगेच चिकटतो आणि पेरॉक्सी मूलक तयार होतं. हे मूलक शेजारच्या रेणूचा हायड्रोजन हिसकावतं आणि त्याला मूलक करून सोडतं. खो-खोसारखं एकाने दुसऱ्याला उठवत जायचं. वाटेत बनलेली पेरॉक्साइडं फुटून आणखी मूलकं देतात, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि शेवटी सगळा थर एक सलग जाळं होतो. बाजारातल्या ‘बॉइल्ड’ तेलात कोबाल्ट किंवा मँगनीजची संयुगं घालतात, ती पेरॉक्साइडं लवकर फोडण्यासाठी. खोबरेल तेलात असे सैल हायड्रोजन जवळपास नसतातच, म्हणून ते वर्षभर ठेवलं तरी कडक होत नाही.

कोकोबोलोच्या गाभ्यात मात्र फिनॉल वर्गाची संयुगं ठासून भरलेली असतात. पेरॉक्सी मूलक त्यांच्याकडे आलं की फिनॉल आपला हायड्रोजन मुकाट्याने देऊन टाकतो. त्याचंही मूलक होतं, पण एकट्या इलेक्ट्रॉनचा भार संपूर्ण बेंझीन कड्यावर पसरल्यामुळे ते शांत बसतं. खो मिळाला, पण गडी उठलाच नाही. साखळी तिथेच तुटते. खाद्यतेल खवट होऊ नये म्हणून घालतात ती अँटिऑक्सिडंट्स हेच काम करतात.

झाडाने हे रसायन कारागिराला छळायला बनवलेलं नाही. गाभ्यातल्या पेशी मेलेल्या असतात, त्यांना स्वतःचा बचाव करता येत नाही. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरश्या लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून हायड्रॉक्सिल मूलकं तयार करतात आणि त्यांनी लाकडाचे धागे तोडतात. म्हणून पेशी मरण्याआधी गाभ्यात अशी संयुगं भरून ठेवतात, जी बुरशीला विषारीही असतात आणि मूलकांना निष्प्रभही करतात. झाड तोडलं तरी हा बंदोबस्त लाकडात शाबूत राहतो. मला या सगळ्या विषयात याहून सुंदर काही वाटत नाही.

उपाय यातूनच निघतो. ॲसिटोनने पुसून पृष्ठभागावरची संयुगं काढायची, मग मेण काढलेल्या चपडी लाखेचा पातळ हात द्यायचा. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरच्या किड्यापासून मिळणारी ही लाख स्पिरिट उडून गेल्यावर कडक होते, तिला मूलकांची गरजच नाही. तिच्यावर तेल नीट सुकतं. दुसरा मार्ग सुपरग्लूचा: सायनोॲक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने जुळतं, तेही मूलकांशिवाय, ऋणायनी (ऋण प्रभार असलेल्या कणांच्या) मार्गाने. तेलमिश्रित पॉलियुरेथेन मात्र थेट लाकडावर लावू नये, त्यातही तेच सुकणारं तेल असतं.

दुर्मीळ लाकडांभोवती अफवाही दाट वाढतात. रक्तचंदन अणुभट्टीत किरणोत्सर्ग शोषतं म्हणून त्याची तस्करी होते, हे आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. अणुभट्टीत रक्तचंदनाचं काहीही काम नाही. लाकूड महाग आहे एवढ्यावरून त्यात अद्भुत शक्ती असते असं होत नाही, आणि अशा अफवांनी तस्करीला फक्त वलय मिळतं.

खरा धोका भुश्यात आहे. कोकोबोलोतलं ऑब्टुसाक्विनोन त्वचेतल्या प्रथिनांना जोडलं जातं, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या जोडीला परकं ठरवते. पहिल्यांदा काम करताना बहुधा काहीच होत नाही. पुढे कधीतरी हात, पापण्या सुजतात, पुरळ उठतं, आणि एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. मास्क, धूळ ओढणारं यंत्र, लांब बाह्या हवेतच. आणि ही मूठ घामाच्या हातात तासन्‌तास धरायची असल्यामुळे तिच्यावरचा थर पूर्ण कडक होणं केवळ दिसण्यासाठी नाही, पकडणाऱ्याच्या तळव्यासाठीही गरजेचं आहे.