ब्रेक दाबला की थरथर: डिस्क खरंच वाकते का?

‘वेगात ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं, म्हणजे ब्रेकची डिस्क (चाकासोबत फिरणारी धातूची चकती) तापून वाकली, नवी टाका,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. पटतंही, कारण नव्या डिस्कने थरथर जाते. पण मूळ कारण राहिलं, तर ती परत येते. डिस्क सहसा वाकलेली नसते. तिला दाबून धरणाऱ्या ब्रेक पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त बसतो, किंवा हबवरच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) गंजामुळे ती किंचित तिरकी फिरून असमान झिजते. जाडीत ०.०२ मिमीचा फरकही हाताला जाणवू शकतो. हब न घासता नवी डिस्क बसवली, तर खर्च वाया.

आधी पाहा: समृद्धीवर ब्रेक न लावताही थरथर आहे? मग रिममधली वाळलेली काळी माती काढा, चाकांचं बॅलन्सिंग करा. फक्त ब्रेकवरच असेल, तर मेकॅनिककडून मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी जाडी मोजून घ्या, डायल गेजने (बारीक हालचाल मोजणारं उपकरण) फिरताना डिस्क किती डोलते ते तपासा.