आऊल (ओकॅमलची न्यूमेरिकल लायब्ररी)

आऊल ही ओकॅमल या फंक्शनल भाषेतली सायंटिफिक कंप्युटिंग आणि मशीन लर्निंगची ओपन सोर्स लायब्ररी. केंब्रिज विद्यापीठाच्या कंप्युटर लॅबमध्ये लियांग वांग यांनी २०१६ मध्ये ती सुरू केली. भाषेचं चिन्ह उंट आणि लायब्ररीचं नाव आऊल, म्हणजे घुबड, आपल्याकडे कोणी हे नाव ठेवलं नसतं.

फंक्शनल भाषेत एकदा बनवलेली व्हॅल्यू शक्यतो बदलायची नाही, पण मोठ्या मॅट्रिक्सची दर स्टेपला नवी कॉपी काढत बसलं तर मेमरीची वाट लागते. म्हणून आऊल डेटा ओकॅमलच्या बिगअॅरेत ठेवते, म्हणजे मोठ्या अॅरेंसाठीच्या वेगळ्या जागेत, ती जागा गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग) हलवत नाही, त्यामुळे ओपनब्लास आणि लापॅक या मॅट्रिक्सचं गणित करणाऱ्या तयार लायब्रऱ्या थेट त्याच मेमरीवर काम करतात, मधे कॉपी नाही. शिवाय बऱ्याच फंक्शन्सची एक जोडीदार आवृत्ती असते, नावाच्या शेवटी अंडरस्कोर, ती सरळ जुन्याच अॅरेवर उत्तर लिहून टाकते. तत्त्वात बसत नाही, पण चालतं!

खरी मजा डिफरन्शिएशनमध्ये आहे. फंक्शन द्यायचं, त्याचं डेरिव्हेटिव्ह परत फंक्शन म्हणूनच मिळतं, मग त्याचंही डेरिव्हेटिव्ह काढा, कोण अडवतंय. ओकॅमलमध्ये नावात प्राइमचं चिन्ह (') चालतं त्यामुळे कोड कॉलेजच्या कॅल्क्युलसच्या वहीसारखा दिसतो. हा भाग फंक्टर म्हणून लिहिलाय, म्हणजे अॅरेचं मॉड्यूल बाहेरून द्यायचं: सिंगल प्रिसिजन, डबल, नाहीतर शुद्ध ओकॅमलमधलं, जे जावास्क्रिप्टमध्ये कंपाइल करून ब्राउझरमध्येही चालवता येतं. न्यूरल नेटवर्कचं मॉड्यूल याच्याच डोक्यावर उभं आहे, लेअर्स पाइपच्या चिन्हाने एकामागे एक जोडत जायच्या.

ओकॅमलमध्ये पूर्णांकांची बेरीज आणि दशांशांची बेरीज यांची चिन्हंच वेगळी, नवख्याला वैताग येतो, पण आऊलचं मॉड्यूल कंसापुरतं उघडलं की साध्या अधिक चिन्हाने मॅट्रिक्स जोडता येतात.

टाइप सिस्टीम एवढी कडक, तरी मॅट्रिक्सचा शेप (किती ओळी, किती स्तंभ) चुकलाय हे मात्र प्रोग्रॅम चालवल्यावरच कळतं. जीपीयूच्या बाबतीत आणि तयार मॉडेल्सच्या बाबतीत पायथनशी बरोबरी नाहीच. गंमत म्हणजे गूगलचं २०१८ मध्ये आलेलं जॅक्स, अशाच कामाची लायब्ररी, पायथनमध्येच फंक्शन घेऊन ग्रेडियंटचं, म्हणजे डेरिव्हेटिव्हचं, फंक्शन परत देतं, आणि वर सांगतं की फंक्शन प्युअर ठेवा, म्हणजे बाहेरचं काही बदलू नका, फंक्शनल भाषेसारखंच.